दोन मेडिकल, दोन गोळ्या

७ एप्रिल २०२५, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. छावणीच्या डॉक्टरांनी 'मनात येईल ते लिहीत जा' म्हटलं म्हणून नाही. तीस वर्षं कंपनीच्या क्वालिटी विभागात काढलेल्या माणसाला लॉगबुकची सवय असतेच. नोंदी फक्त माझ्यासाठी. शैलाला सांगितलंय की कंपनीचं काम आहे.

सद्यःस्थिती: प्रकृती उत्तम. डॉक्टर म्हणतात डिप्रेशन आहे. ते त्यांचं मत. जानेवारीत मी तीन दिवस कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिलो हे खरं, पण तेव्हा मी मागच्या वर्षाचा आढावा घेत होतो. फेब्रुवारीपासून रोज एक गोळी, दहा मिलिग्रॅमची. घेतो, कारण डॉक्टर फार कळकळीनं सांगत होते.

घरी कुणाला माहीत नाही आणि होणारही नाही. मनस्विनीचं लग्न जमायच्या बेतात आहे. मुलीचा बाप मनाची गोळी खातो हे कळलं तर स्थळ जिन्यावरूनच परत जाईल. म्हणून गोळ्या पहाटे, घरचे उठायच्या आत, स्ट्रिपमधून काढून कॅल्शियमच्या बाटलीत भरतो. रिकाम्या स्ट्रिपा वाळूजला कंपनीच्या कचऱ्यात. खरेदी छावणीत, कारण आमच्या सिडकोतलं कुणी शहराच्या त्या टोकाला औषध घ्यायला जात नाही. दुकानात हेल्मेट काढत नाही. मागच्या महिन्यात मेडिकलवाल्यानं विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? मी हेल्मेटमधूनच सांगितलं, गोळी मित्रासाठी आहे, आणि मित्राला दुसरं काही चालू नाही.

यात चूक व्हायला जागाच ठेवलेली नाही.

८ एप्रिल, मंगळवार. सकाळी ५.३०

डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलंय. चालणं म्हाताऱ्यांसाठी. मी सूर्यनमस्कार घालणार. आज पंचवीस, महिनाअखेर एकशे आठ.

सकाळी ५.५५

पंचवीस झाले. शाळेनंतर पहिल्यांदाच घातले, पण शरीर विसरत नाही.

९ एप्रिल, बुधवार

पाठ. शैलानं मोजे घालून दिले. ती म्हणाली, अहो, आधी पाच घालायचे. मी म्हटलं, हे दुखणं नाही, स्नायू तयार होत आहेत.

११ एप्रिल, शुक्रवार. रात्री ८.२०

स्नायू अजून तयार होत आहेत. शिफ्टच्या बसमधून उतरताना रामकिसननं हात दिला. हा आमच्या लाइनवरचा जुना ऑपरेटर, गंगापूरकडचा. म्हणाला, सायेब, लई दुखतंय का? आमच्या लाइनवर समदेच ही गोळी खातेत, दिसभर उभं राहून पाठ जाती. खिशातून एक काढून दिली. वर म्हणाला, जेवल्यावरच घ्या आन लई दिवस नगा घेऊ.

घेतली. चाळीस मिनिटांत पाठ मोकळी. असं औषध जगात आहे आणि मी दोन दिवस कण्हत बसलो.

लई दिवस नगा, हे रामकिसनचं मत. तो आठवीपर्यंत शिकलाय. संध्याकाळी कंपनीच्या गेटजवळच्या मेडिकलमधून दोन स्ट्रिप घेतल्या. पाठीची द्या म्हटलं, त्यानं दिली. त्यानंही विचारलं, दुसरं काही चालू आहे का? सगळ्यांना एकच प्रश्न शिकवून ठेवलाय. मी नाही म्हणालो. छावणीची गोष्ट वाळूजला कशाला सांगायची? दोन पुरवठादार एकमेकांना भेटू द्यायचे नाहीत, हा क्वालिटीतला जुना नियम.

२० एप्रिल, रविवार. संध्याकाळी ७

चिकलठाण्याला हिमांशूच्या घरी जाऊन आलो. मुलगा इंजिनिअर, त्याच भागातल्या कंपनीत. वडील राजेंद्रराव बँकेतून रिटायर झालेले, सरळ माणूस. मनस्विनी आणि हिमांशू आधी चारदा बाहेर भेटलेत, त्यामुळं आम्ही फक्त चहा प्यायचा होता.

माझी छाप पडली. राजेंद्ररावांनी मला कूलरसमोरची खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसले. हिमांशूच्या आईनं तीनदा विचारलं, दमलात का, थोडं पडता का आतल्या खोलीत. निघताना राजेंद्ररावांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, कधीही वाटलं तर नुसतं येऊन बसत जा, बोललंच पाहिजे असं नाही. क्वालिटी मॅनेजरचं वजन असतं समाजात. परत येताना मी हे शैलाला म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत हो म्हणाली.

साखरपुडा १ जूनला ठरला.

पाठीसाठी आज दोन गोळ्या. दोन तास ताठ बसायचं होतं.

२४ एप्रिल, गुरुवार

छावणी. डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतं? म्हटलं, उत्तम. झोप? उत्तम. बेचैनी? अजिबात नाही. तेव्हा मी खुर्चीतून उठून त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत होतो. त्यांनी काहीतरी लिहिलं.

मग म्हणाले, यासोबत दुसरं कुठलं औषध घेता का? मी प्रामाणिकपणे नाही म्हटलं. बीपी नाही, शुगर नाही. पाठीची गोळी हे काही औषध नाही. ते आपण चहासारखं घेतो.

सूर्यनमस्कार सध्या स्थगित. बंद नाही.

२ मे, शुक्रवार. दुपारी ४

ऑफिस. सुयशनं बोलावलं. हा माझा साहेब, माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान, पोरगा बरा आहे. म्हणाला, व्यंकटराव, लाइनची धावपळ काही दिवस बाकीचे बघतील, तुम्ही डॉक्युमेंटेशन बघा, शांतपणे, वेळेचं बंधन नाही. म्हणजे मला लाइनवरून वर घेतलं. अनुभवाचा मान शेवटी करावाच लागतो.

नव्या टेबलावर बसवत नाही. सकाळपासून चार वेळा पाण्याच्या मशीनपर्यंत जाऊन आलो, पाणी एकदाच प्यालो. हे अस्वस्थपणाचं लक्षण नाही. मी लेआऊट समजून घेतोय.

पाठीसाठी सकाळी एक, दुपारी एक. आजकाल गुडघाही बोलायला लागलाय. तिसरी लागते.

६ मे, मंगळवार. दुपारी ३

डॉक्युमेंटेशनमध्ये करायला काही नाही, म्हणून गोळीच्या खोक्यातलं पत्रक वाचलं. छावणीच्या गोळीचं. बारीक अक्षर, भिंग घेऊन. लिहिलंय की काही वेदनाशामक गोळ्यांसोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, डॉक्टरांना सांगा.

असली वाक्यं वकिलांसाठी असतात. आम्हीही आमच्या गाड्यांच्या रबर बुशच्या पाकिटावर 'खाण्यायोग्य नाही' छापतो. तीस वर्षांत कुणी खाल्लं नाही.

पत्रक फाडलं. घरी सापडलं तर पंचाईत.

११ मे, रविवार. रात्री ८

दात घासताना रक्त. नवा ब्रश कडक आहे. ब्रश बदलला.

दंडावर निळा डाग, रुपयाएवढा. विचार केला. बसमध्ये दांड्याला टेकतो, तिथलाच. दुसरा मांडीवर आहे, तिथं दांडा नाही, पण बसमध्ये काय काय असतं.

शैला म्हणाली, अहो, चेहरा असा का झालाय, एकदा रक्त तपासून घेऊ. मी म्हटलं, मे महिना आहे, कुणाचा चेहरा बरा आहे? ती म्हणाली, माझा. वाद वाढवला नाही.

मनस्विनी दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. मोबाईल बाजूला ठेवला. म्हणाली, बाबा, काही सांगायचं असलं तर सांगा हं. मी तिला साखरपुड्याच्या हॉलच्या पार्किंगबद्दल सांगितलं. लग्न ठरलं की मुली हळव्या होतात.

१५ मे, गुरुवार. दुपारी १२.४०

रामकिसन भेटला. म्हणाला, सायेब, पांढरेफटक पडलात की. त्याला समजावलं की दोन आठवडे ऑफिसात सावलीत बसून रंग उजळलाय.  त्यानं विचारलं, ती गोळी सोडली नव्हं? मी म्हटलं, कधीच. तेवढ्यात खिशातली स्ट्रिप वाजली. पेन काढल्यासारखं केलं.

जिन्यावर दम लागला. मे महिना.

१८ मे, रविवार. सकाळी ७.१५

हे लिहावं की नाही? लॉगबुक आहे, लिहिलं पाहिजे.

शौचास काळं. डांबरासारखं. काल पण होतं.

कारणमीमांसा केली. शुक्रवारी शैलानं पालकाची पातळ भाजी केली होती. मी रोज सकाळी भिजवलेले काळे मनुके खातो. त्याआधी एका लग्नात जांभळाचं सरबत झालं. तीन कारणं मिळाली, क्वालिटीत एकच मिळालं तरी फाईल बंद करतात. मनुके बंद.

पोटात जरा जळजळ आहे. साखरपुड्याचं टेन्शन. मला नाही, पोटाला.

१९ मे, सोमवार

मनुके बंद करून एक दिवस झाला. काळंच. जुना स्टॉक असणार.

२२ मे, गुरुवार. संध्याकाळी ६

ऑफिसला गेलो नाही. रविवारी चिकलठाण्याला पाहुण्यांची यादी पक्की करायला जायचंय, त्यासाठी ताकद राखून ठेवतोय. दिवसभर गॅलरी ते हॉल, हॉल ते गॅलरी. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की डोळ्यांपुढं काजवे. पुन्हा बसतो. पेपरची एकच बातमी पाच वेळा वाचली. कशाची होती विचारलं तर सांगता येणार नाही.

संकल्प: साखरपुडा झाला की पाठीच्या गोळ्या कमी. लग्न झालं की छावणीचीही बंद. मुलगी एकदा सासरी गेली की मग काय. तेव्हा मला काही झालेलं असायची गरज राहणार नाही.

शैलानं दुपारी डॉक्टरांची वेळ घेतली, सोमवार सकाळची. न विचारता. मी जाणार नाही, पण आत्ता सांगत नाही.

२५ मे, रविवार. सकाळी ९.३०

यादी तयार. एकशे दहा पाहुणे. राजेंद्ररावांसमोर ताजंतवानं दिसायचं, म्हणून दोन गोळ्या एकदम, चहाबरोबर. त्यांची बिल्डिंग तीन मजल्यांची आहे. लिफ्टनं जाणार नाही. मुलीचा बाप जिना चढून आला हे त्यांना दिसलं पाहिजे.

२७ मे, मंगळवार. दुपारी ४. हॉस्पिटल

सलाईनचा हात डावा, त्यामुळं लिहिता येतं.

रविवारी दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. तिथं कुणाच्या तरी चपलांच्या रॅकशेजारी बसलो. जरा टेकलो होतो. वॉचमन धोंडिबा म्हणतो मी पडलो. तो खालून ओरडत आला, साहेब, उटू नका, आजाबात उटू नका. मग उलटी झाली, कॉफीच्या रंगाची. मी सकाळी चहा प्यालो होतो, हे मी सगळ्यांना सांगत होतो.

राजेंद्ररावांनी वरून प्लास्टिकची खुर्ची आणली. त्यांनी आणि धोंडिबानं मला खुर्चीसकट खाली उतरवलं. हिमांशूनं गाडी काढली. व्याही मला खुर्चीत घालून उतरवतोय, हे मी स्थळ जमवताना कुठंच गृहीत धरलं नव्हतं.

हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ. तोंडातून दुर्बीण घातली. पोटात अल्सर, त्यातून रक्त जात होतं. तिथं क्लिप लावली आणि रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या.

पण खरा प्रसंग दुर्बिणीच्या आधीचा. इमर्जन्सीतली डॉक्टर तरुण, आवाज खणखणीत. पलंगाभोवती शैला, मनस्विनी, हिमांशू, राजेंद्रराव. डॉक्टरनं विचारलं, काका, कुठली औषधं चालू आहेत? मी म्हणालो, काही नाही, फक्त कॅल्शियम. ती लिहायला लागली. सोबत तिनं एक इंजेक्शनही लिहिलं, पाठदुखीसाठी, कारण मी तेवढं कण्हत होतो.

तेव्हा राजेंद्रराव पुढं वाकले आणि हळूच म्हणाले, व्यंकटराव, ती मनाची गोळी सांगा ना त्यांना.

शैलानं लगेच नाव सांगितलं. मनस्विनीनं मिलिग्रॅम सांगितले. हिमांशू म्हणाला, फेब्रुवारीपासून.

मी छताकडं बघत होतो. छत चांगलं होतं.

डॉक्टरनं इंजेक्शनचं नाव खोडलं. म्हणाली, हेही त्या गोळीसोबत चालत नाही, बरं झालं बोललात. मग विचारलं, आणि दुखण्याच्या गोळ्या? शैला नाही म्हणाली. मनस्विनी नाही म्हणाली. राजेंद्ररावांनी मान हलवली. सगळे माझ्याकडं बघायला लागले, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की मला ठाऊक असलेली आणि त्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट शिल्लक आहे. मी म्हणालो, रोज तीन. आज सकाळी दोन एकदम. सहा आठवडे.

तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, काका, ही एकटी पोटाला त्रास देते. त्या गोळीबरोबर रोज घेतली की रक्त वाहायला लागलं तर थांबायला वेळ लागतो. कुणीच विचारलं नाही तुम्हाला? मी मनात मोजलं. छावणीच्या मेडिकलवाल्यानं विचारलं होतं. वाळूजच्यानं विचारलं होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं. रामकिसननंही विचारलं होतं. मी म्हणालो, आठवत नाही.

म्हणजे जी गोळी मी लपवली, ती दोन्ही घरांना पाठ आहे. जी लपवायची गरज नव्हती, ती कुणालाच माहीत नव्हती. क्वालिटीत याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही.

२८ मे, बुधवार. सकाळी ११

राजेंद्रराव आले होते. साखरपुडा पंधरा दिवस पुढं ढकललाय, हॉलवाल्याशी तेच बोलले. मी उशीला टेकून भाषण तयार ठेवलं होतं: आमच्याकडून ही बाब कळवायची राहिली, आपण स्थळाचा फेरविचार करू शकता. एवढंच म्हणालो आणि पुढचं आठवेना. ते म्हणाले, मनस्विनीनं हिमांशूला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. बाबांना हे आहे, त्यांना वाटतं कुणाला माहीत नाही, तेव्हा तुम्हीही माहीत नसल्यासारखंच वागा. आम्ही वागलो. आमच्या हिला जरा जमलं नाही, ती सारखी तुम्हाला आतल्या खोलीत झोपवायला बघायची.

मग त्यांनी मला मोसंबी सोलून दिली. सिस्टरनं ती परत घेतली. आंबट चालत नाही.

डॉक्टर राउंडला. पाठीच्या गोळ्या कायमच्या बंद. अगदीच दुखलं तर साधी पॅरासिटामॉल, तीही विचारून. मी म्हटलं, मग छावणीची पण बंद करतो, आजपासून. ती म्हणाली, मनानं एकही बंद करायची नाही, तुमच्या डॉक्टरांशी मी फोनवर बोलले आहे. त्यांना माझ्याबद्दल काय वाटलं असेल, हा विचार सोडून दिला. सोडला नाही, पण मागं ठेवला.

२९ मे, गुरुवार. दुपारी ३.३०

आज राग आला. बऱ्याच दिवसांनी आला, त्यामुळं आधी ओळखू आला नाही.

शैला डबा धुऊन आली, तेव्हा विचारलं, कधीपासून माहीत आहे? म्हणाली, पहिल्या दिवसापासून. छावणीच्या दवाखान्यात मी नाव खोटं दिलं होतं, पण मोबाईल नंबर तिचा. मला तोच पाठ आहे. तपासणीचे आणि गोळ्यांचे सगळे मेसेज तिला येत होते, व्ही. कुमार या नावानं. एप्रिलमध्ये माझी तारीख चुकणार होती, तर तिनंच त्या गुरुवारी मला सुट्टी काढायला लावली होती. मला वाटलं होतं, गॅसचा सिलिंडर येणार म्हणून. सुयशलाही तिनंच फोन केला होता.

मी म्हणालो, म्हणजे चार महिने तुम्ही सगळ्यांनी माझा तमाशा बघितला. मी पंधरा-पंधरा किलोमीटर हेल्मेट घालून हिंडतोय, स्ट्रिपा कंपनीत नेऊन टाकतोय, बाटल्या भरतोय, आणि तू बघतेस. एकदा तरी म्हणायचंस ना, अहो, मला ठाऊक आहे.

ती पलंगाच्या कडेला बसली. डब्याचं झाकण पुसायला लागली. मग म्हणाली, जानेवारीपासून तुमचं कशात लक्ष नव्हतं. जेवणात नाही, कामात नाही, माझ्यात नाही, पोरीच्या लग्नात पण नाही. सकाळी उठून ती बाटली भरताना तेवढे तुम्ही नीट दिसायचात. मला भीती वाटली, तेही मोडलं तर काय करायचं.

मला उत्तर द्यायचं होतं. बरीच उत्तरं आहेत. पहिलं लिहायला घेतलं आणि खोडलं.

तिचं बरोबर आहे. जानेवारीपासून मी दुसरं काहीच मन लावून केलेलं नाही.